राहिलेले अकरा पल्ले

फेब्रुवारीत लिओनेलची दोन बोटं गेली आणि तिसऱ्याचं टोक. उजव्या हाताची. त्यानंतर जून संपेपर्यंत आमच्या वर्कशॉपात कुणी काम केलं नाही. मी एकदाच आत गेले होते, फरशी पुसायला. भिंतीला टेकवून ठेवलेली बर्चच्या लाकडाची दहा पॅनेलं दिसली आणि बादली तिथेच ठेवून बाहेर आले.

लिओनेल माझा नवरा. अडतीस वर्षं त्यानं नदीकाठच्या या गावांमधून लोकांची स्वयंपाकघरं केली. कुणाकडे जेवायला गेलो तरी आधी कपाटाचा पल्ला उघडून बिजागरी बघायचा आणि मग खुर्ची ओढायचा. मी सकाळी शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला आणि दुपारी त्याच्या हाताखाली. घासणं, तेल लावणं, कडा गोल करणं हे माझं. पॅनेलं त्याची. पल्ल्याच्या मधल्या फळीला चारी बाजूंनी उतार काढायचा, म्हणजे मधला भाग उठून दिसतो आणि पातळ झालेली कड चौकटीच्या खोबणीत जाऊन बसते. त्यासाठी राउटर, म्हणजे टेबलाखाली बसवलेलं लाकूड कोरायचं मशीन; त्याला जे फिरतं पातं, बिट, लावतात ते बशीएवढं असतं, साडेतीन इंच रुंद. टेबलाच्या भोकातून वर आलेलं ते बिट फिरायला लागलं की आवाज पोटात जाणवतो. तो आवाज सुरू झाला की मी काहीतरी निमित्त काढून घरात जायची.

एक गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती. अपघाताच्या आदल्या दुपारी राउटर मी वापरला होता. शेल्फांच्या कडा गोल करायच्या होत्या. त्याचं बिट अंगठ्याएवढं, त्याला वेग भरपूर लागतो. वेगाची चकती मी शेवटच्या आकड्यावर नेली आणि काम झाल्यावर तशीच सोडली. मोठं बिट त्या वेगानं फिरवायचं नसतं, निम्म्यापेक्षाही कमी लागतो, नाहीतर फळी हातातून हिसकली जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी लिओनेलनं मोठं बिट बसवलं, कानांवर मफ चढवले आणि बटण दाबलं. पुढे बँगोरच्या हॉस्पिटलात जो विचारेल त्याला तो एकच सांगायचा, "लाकडात गाठ होती." ती फळी मी फरशी पुसायला गेले तेव्हा उलटसुलट करून पाहिली होती. गाठ नव्हती.

काम होतं अल्बाँ मिशोचं. अल्बाँ म्हणजे आमच्या पुलावर, कॅनडाच्या हद्दीवर, तीस वर्षं लोकांच्या गाड्या तपासणारा माणूस. निवृत्त झाल्यावर त्यानं बायकोला नवं स्वयंपाकघर करून द्यायचं ठरवलं. कपाटं जानेवारीत लागली. एकोणीस पल्ल्यांपैकी आठ तयार झाले, अकरा राहिले. त्या अकरांत खिडकीच्या दोन्ही बाजूंचे चार कमानीचे होते. तयार आठ पल्ले सगळेच एकदम बसवू म्हणून आमच्याकडेच पडून होते. तिकडे मिशोंच्या बशा-पेले पाच महिने उघड्यावर. फ्लोरीन, अल्बाँची बायको, दर रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर भेटायची आणि म्हणायची, "घाई नाही गं, ओडेट." तिचं ते 'घाई नाही' ऐकलं की मला घरी येऊन आडवं व्हावंसं वाटायचं. भांडली असती तर बरं झालं असतं.

शाळा सुटली आणि पहिल्याच सोमवारी, नाश्त्याला प्लॉय, आमच्याकडची कुट्टूच्या पिठाची धिरडी, भाजत असताना, मी बोलून टाकलं.

"अल्बाँचं काम मी पुरं करते."

लिओनेल डाव्या हातानं लोणी लावत होता. अजून जमत नव्हतं. लोणी प्लॉयवर कमी आणि टेबलावर जास्त. तो म्हणाला, "कशानं? चमच्यानं?"

"चेष्टा करू नको."

"कॅरिबूच्या सुताराला दे म्हटलं होतं ना तुला?"

"विचारलं त्याला. पुढच्या मार्चपर्यंत हात रिकामे नाहीत म्हणाला."

"आणि तो ग्रँड आईलचा?"

"तो म्हणाला, दुसऱ्याचं अर्धवट काम मी घेत नाही."

"शहाणा आहे," लिओनेल म्हणाला.

मी तव्यावरचं शेवटचं प्लॉय उतरवलं. दमले होते. काम काहीच केलं नव्हतं, तरी दमले होते. त्या पाच महिन्यांत सकाळी उठल्या उठल्याच दमलेली असायची मी.

"त्या मोठ्या बिटाला मी हात लावणार नाही," मी म्हटलं. "पण दुसरं काही मिळत असेलच की."

त्यानं टेबलावर सांडलेलं लोणी सुरीनं खरवडून गोळा केलं. मग म्हणाला, "उभं बिट मिळतं. दीड इंची. फळी उभी धरून सरकवायची. हौशी लोक वापरतात." हौशी हा शब्द त्यानं असा उच्चारला, की जणू अल्बाँनं गाडीच्या डिकीत काहीतरी पकडलं होतं.

"मग मी हौशी," मी म्हटलं.

"उभ्या बिटानं कमान होत नाही, ओडेट. फळी सपाट कडेवर सरकते. कमानीची कड सरकणार कुठे?"

"ते बघू."

"बघू काय? मी शब्द दिलाय कमानीचा."

"शब्द तू दिलास, पल्ले मी करणार," असं म्हणून मी उठले. तयार आठांतला एक पल्ला ब्लँकेटमध्ये गुंडाळून ट्रकमध्ये ठेवला आणि किल्ली घेतली. लिओनेल माझ्याआधी जाऊन बसला होता. पट्टा डाव्या हातानं लावायला त्याला वेळ लागतो. मी मदत केली नाही. केली की चिडतो.

कॅरिबूला जायला तासभर लागतो. बटाट्याची शेतं फुलावर आली होती, मैलन्‌मैल पांढरी. दुकानासमोर गाडी लावल्यावर तो म्हणाला, "मी इथंच थांबतो."

दुकान वेंडेलचं. वेंडेल चाळिशीचा, बोलका, सासऱ्याकडून दुकान आलेला. मी पल्ला काउंटरवर ठेवला आणि म्हटलं, अशीच पॅनेलं करायची आहेत.

"राउटर किती ताकदीचा?"

"सव्वातीन हॉर्सपॉवर."

"मग प्रश्नच नाही." त्यानं काचेच्या कपाटातून एक डबा काढला. आत बशीएवढं ते. वर आणखी एक कापणारी छोटी चकती. "हे खालून आणि वरून एकदम कापतं. एका फेरीत पुढचा उतारही होतो आणि मागची बाजूही पातळ होते. खोबणीत कड बरोब्बर बसते. यापेक्षा सोपं काही नाही, मॅडम."

मी त्या बिटाकडे बघत राहिले. दोन लाल पाती, आणि पात्यांच्या टोकांना राखाडी धार. डब्यात झोपलेलं होतं, तरी मी हात मागे घेतला.

"हे नको. उभं दाखवा."

"उभं?" वेंडेलनं माझ्याकडे पाहिलं. "तुमचा राउटर मोठा आहे की. उभी बिटं लहान मशीनवाल्यांसाठी."

"उभं दाखवा," मी पुन्हा म्हटलं.

त्यानं तीन काढली. एकाचा उतार सरळ, एकाचा आतून खोलगट, एकाचा नागमोडी. नागमोडी स्वस्त होतं, शिवाय त्याच्याबरोबर चौकटीच्या पट्ट्यांची दोन बिटंही फुकट होती. वेंडेल म्हणाला, "हेच न्या. सगळ्यात जास्त हेच खपतं. दिसायला भरगच्च."

"भरगच्च काय?" मागून आवाज आला.

लिओनेल आत आला होता. उजवा हात जॅकेटच्या खिशात. जुलै महिना आणि जॅकेट. तो काउंटरपाशी आला, वेंडेलकडे न बघता पल्ल्याच्या चौकटीवर डावा अंगठा फिरवला. "चौकटीची कड आधीच नागमोडी आहे. आत पॅनेलही नागमोडी केलं तर स्वयंपाकघर नाही, लग्नाचा केक होईल. आणि तयार आठांचं काय करू? चुलीत घालू?"

"नाही, मिस्टर थिबोडो, मी आपलं..."

"सरळ उताराचं दे इकडे."

वेंडेलनं दिलं. लिओनेलनं ते उजेडात धरलं. दुसऱ्या हाताशिवाय त्याला फिरवता येईना, तेव्हा त्यानं खिशातून उजवा हात काढला. वेंडेल बोलता बोलता थांबला. दुकानात आणखी एक माणूस होता, तो स्क्रूंच्या खणांमध्ये फार लक्षपूर्वक पाहू लागला. लिओनेलनं उरलेल्या बोटांत बिटाचा दांडा धरला आणि डाव्या हाताच्या नखानं धारेच्या जोडावरून हळूच ओढलं.

"इथं जोड भरलेला नाही नीट. दुसरं आहे?"

"एकच आहे त्यातलं. हां, हे पाव इंची दांड्याचं आहे."

"पाव इंची दांडा? ही बाई बर्च कापणार आहे, साबण नाही. अर्धा इंची काढ."

वेंडेल मागच्या खोलीत गेला. आम्ही दोघं काउंटरपाशी उभे. लिओनेल माझ्याकडे न बघता म्हणाला, "मोठं का दाखवलं त्यानं? तू सांगितलं नाहीस?"

"काय सांगू?"

वेंडेल दोन डबे घेऊन आला. लिओनेलनं दोन्ही तपासली, एकाच्या उताराची रुंदी आमच्या पल्ल्यावर ठेवून मोजली, बेअरिंग फिरवून कानाशी धरलं आणि ते माझ्या हातात दिलं. हातात वजन काहीच नव्हतं. माझ्या पंज्यात मावलं.

परतीच्या वाटेवर व्हॅन ब्यूरन गाव मागे पडलं. मग मीच बोलले. पुढे एक ट्रॅक्टर संथ चालला होता, ओलांडायला जागा नव्हती. कदाचित म्हणूनच बोलणं झालं असेल.

"वेगाची चकती मी ठेवली होती वर. आदल्या दिवशी. शेल्फांसाठी."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"बटण दाबलं तेव्हापासून. ऐकू आलं मला. मफ घातले म्हणून बहिरा होतो का मी? बिट किंचाळत होतं."

"मग बंद का नाही केलंस?"

लिओनेल खिडकीतून बाहेर बघत होता. "चकती टेबलाच्या खाली आहे. गुडघ्यावर बसावं लागतं. सकाळपासून चार वेळा बसलो होतो, गुडघा दुखत होता. म्हटलं, एवढं एक पॅनेल होऊ दे." थोडं थांबून म्हणाला, "वाकायचा कंटाळा केला, ओडेट. एवढंच."

"आणि लोकांना गाठ म्हणून सांगितलंस."

"मग काय सांगू? अडतीस वर्षांचा सुतार वाकायचा कंटाळा करतो?"

मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. पाच महिने मी काय उचलून फिरत होते ते खाली ठेवायचं होतं, पण हात इतके अवघडले होते की सुटेनात. ट्रॅक्टर शेतात वळला आणि मी वेग वाढवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मिशोंकडे गेले. एकटीच. अल्बाँ टेबलाशी बसून पेपर वाचत होता. फ्लोरीननं कॉफी पुढे केली. तिच्या मागे उघडी कपाटं, प्रत्येक शेल्फवर पेले उपडे घातलेले, धूळ बसू नये म्हणून.

"पल्ले होतील," मी म्हटलं. "मी करणार आहे. पण कमान होणार नाही. चारही सरळ होतील."

अल्बाँनं चष्मा वर केला. "पण लिओनेलनं मला कागदावर काढून दाखवली होती कमान."

"ते झालं. आता नाही होणार."

"दुसरं एखादं हत्यार नाही का त्याला?"

"आहे. त्याला मी हात लावणार नाही."

अल्बाँ काही बोलणार होता, तेवढ्यात फ्लोरीन म्हणाली, "मला कमान कधीच नको होती. ह्याचा हट्ट. चर्चमध्ये बघतो तेवढ्या पुरत नाहीत याला." आणि मग खुर्चीवर बसून, कॉफीचं भांडं हातात तसंच ठेवून, ती म्हणाली, "ते झालं ते माझ्याच पल्ल्यावर ना गं? मी ह्याला सांगितलं, उघडीच राहू देत. फोन करायचा नाही त्यांना. मला लाज वाटायची तुझ्यापुढे उभं राहायची."

"म्हणून घाई नाही म्हणायचीस?"

"मग काय म्हणू?"

मी तिचा हात धरला. अल्बाँनं पेपर घडी करून ठेवला आणि म्हणाला, "सरळ तर सरळ."

पॅनेलांचं काम नऊ दिवस चाललं. लिओनेल म्हणाला असता तीन.

पहिला दिवस आधाराची फळी करण्यात गेला. पॅनेल उभं सरकवायचं तर मागे उंच, ताठ आधार हवा. मी प्लायची फूटभर उंच फळी कापून टेबलाला स्क्रूनं बसवली. लिओनेल दारात खुर्ची टाकून बसला होता. "गुण्यात आहे का बघ," तो म्हणाला. मी काटकोन लावून बघितलं, नव्हती. खाली कागदाची घडी घातली. अपघातातल्या फळीच्या जागी अकरावं पॅनेल नव्यानं जोडावं लागलं, उरलेल्या बर्चच्या पट्ट्यांतून. त्याचा रंग जरा पिवळट आला.

मग कमानीच्या चार पॅनेलांची डोकी उडवायची होती. लिओनेलनं फेब्रुवारीआधीच त्यांना कमानीचा आकार कापून, घासून ठेवला होता. मी करवतीवर एकेक लावलं. चार अर्धगोल तुकडे खाली पडले. चौथा पडल्यावर तो उठून घरात गेला. मी मशीन बंद करून थांबले. वीसेक मिनिटांनी तो परत आला. म्हणाला, "बाकीची पॅनेलं मोजलीस का? थंडीत कापलेली आहेत. आता हवेत ओल आहे, फुगली असतील."

मोजली. फुगली होती. तीन पॅनेलं रुंदीला गच्च होत होती. ती तशीच चौकटीत घातली असती तर सांधे उचलले असते. मी ती बारीक केली. पट्ट्याही चार नव्या केल्या, कमानीच्या जागी सरळ. पट्ट्यांची बिटं आमच्याकडे जुनीच होती, लहान, ती मला ठाऊक होती.

खरं काम पाचव्या दिवशी सुरू झालं. बिट बसवलं, चकतीवर आकडा लावला. उठून उभी राहिले तर लिओनेल स्वतः खुर्चीवरून उतरला, गुडघ्यावर बसला, वाकून आकडा बघितला आणि हाताचा आधार घेत घेत उठला. "ठीक आहे," म्हणाला.

मी बटण दाबलं. आवाज आला, पण पोटात नाही. कानाशी, मोठ्या माशीसारखा. फळी आधाराला दाबून धरली आणि सरकवली.

"आधी टोकाच्या कडा," तो ओरडला. "लाकडाच्या रेषांना आडव्या. तिथं कोपरा फुटला तर पुढच्या कापात निघून जातो. लांब कडा शेवटी."

"माहीत आहे मला."

"माहीत आहे तर मग लांबीची कड का धरलीस?"

मी फळी फिरवली. पहिल्या पॅनेलाला एका जागी थांबले, तिथे लाकूड जळून काळा डाग पडला. "थांबू नको," लिओनेल म्हणाला. "लाकूड वाट बघत नाही." दुसऱ्याला एकदम खोल कापायला गेले तर फळी थरथरली. मग उतार चार फेऱ्यांत काढायचा ठरला, प्रत्येक फेरीला थोडाथोडा. अकरा फळ्या, प्रत्येकीच्या चार कडा, प्रत्येक कडेला चार फेऱ्या. आकडे डोक्यात घेतलेच नाहीत. खांदा भरून आला, मनगट सुजलं. जेवायच्या सुट्टीत मी भुशातच पाठ टेकायची. लिओनेल डाव्या हातानं सँडविच करून आणायचा, त्यातलं क्रेटाँ, डुकराच्या खिम्याचं सारण, ब्रेडच्या सगळ्या बाजूंनी बाहेर आलेलं असायचं.

एकदा तो म्हणाला, "मोठ्या बिटानं हे एका सकाळीत झालं असतं."

मी मान वर करून नुसतं बघितलं.

"नाही, आपलं सांगितलं," तो म्हणाला.

मागची कड जाड राहत होती, खोबणीत जाईना. मोठ्या बिटाला ती वरची चकती होती, माझ्याला नव्हती. लिओनेलनं मागून कड रंधून घ्यायला सांगितलं आणि रंधा स्वतः हातात घेतला. डाव्या हातानं दांडा, उजव्याच्या उरलेल्या बोटांनी पुढचा गोळा. पहिल्या फटक्याला रंधा तिरका गेला. त्यानं शिवी हासडली. पुढे सगळ्या अकरांच्या मागच्या कडा त्यानंच रंधल्या. वाकड्यातिकड्या झाल्या आहेत. पण ती बाजू कपाटाच्या आत असते, आणि खोबणीत कड बसली की कोण बघतंय.

पॅनेलाला चौकटीत गोंद लावायचा नाही, ते मोकळं राहायला हवं, थंडीत आकसायला आणि उन्हाळ्यात पसरायला. गोंद फक्त सांध्यांना. अकरा पल्ले क्लॅम्पमध्ये आवळून ठेवले तेव्हा माझी बोटं मिटत नव्हती.

घासण्यात, तेल लावून वाळवण्यात जुलै संपला आणि ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी सगळे एकोणीस पल्ले बसवले. बिजागऱ्या मी लावल्या, पल्ला खालून लिओनेलनं आणि अल्बाँनं धरला. डाग पडलेला पल्ला सिंकखाली लावला. पिवळट आलेला खिडकीसमोरच्या भिंतीवर गेला, कारण माप तिथलंच होतं. तो तिथं दिसतो. फ्लोरीननं त्यावरून हात फिरवला. अल्बाँ एकेक पल्ला उघडून मिटून बघत होता, गाडी तपासल्यासारखा.

"तयार आठ आणि हे अकरा," तो लिओनेलला म्हणाला, "फरक कळतो का तुला?"

"कळतो," लिओनेल म्हणाला. "मला कळतो. तुला कळायचं कारण नाही."

मी खुर्चीवर बसले ती उठलेच नाही. फ्लोरीननं चिकन स्ट्यू वाढला आणि प्लॉयची चळत मध्ये ठेवली. लिओनेल माझ्या शेजारी बसला आणि दोन्ही हात टेबलावर ठेवून जेवला. अल्बाँ पुलावरच्या जुन्या गोष्टी सांगत होता, कुणी मेपल सिरपच्या डब्यांतून काय काय नेलं ते. मी अर्ध्या ऐकल्या. लिओनेलनं माझ्या ताटात आणखी एक प्लॉय टाकलं आणि कानाशी हळूच म्हणाला, "जेव. मग घरी जाऊन झोप. दोन दिवस वर्कशॉपात पाय ठेवू नको."

"सोमवारी शाळेची तयारी आहे," मी म्हटलं. "भांडी घासायला बोलावलंय."

"मग उद्याचा दिवस तरी झोप," तो म्हणाला आणि माझी स्ट्यूची रिकामी बशी आणखी वाढायला फ्लोरीनकडे सरकवली.